पी. पी. नंबर

खोक्यातून निघाला तेव्हा साबणाच्या वडीएवढा,
दोन शिंगांचा.
राऊटर आमच्या अकरा नंबरात,
रेंज न्यायची चौदा नंबरापर्यंत, घागवहिनींच्या पलंगाशी.
मध्ये तीन भिंती, साटमांचं लोखंडी कपाट
आणि परबांची पाण्याची टाकी.
पाणी सिग्नल पितं, हे मला आत्ता कळतंय,
पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात
केबलचे सांधे जोडल्यावर.
आम्हाला ठाऊक होतं ते पाणी वेगळं:
विक्रोळी स्टेशनमागच्या मॅनहोलात कमरेपर्यंत,
शिशाच्या नळीत शिरून
रंगीत तारांच्या जोड्यांत खरखरणारं.

आधी चूकच केली.
थेट पलंगाच्या उशाशी लावला,
म्हटलं, जिथे नाही तिथेच द्यावं.
लाल दिवा.
तासभर लाल दिवा.
प्रितेश मस्कतहून फोनवर हसला,
बाबा, त्यालाच ऐकू येत नाहीये, तो काय सांगणार?
जिथवर निम्मं पोचतंय तिथे ठेवा.

मग मोबाइल पुढे धरून गॅलरीतून चाललो,
तेवता दिवा न्यावा तसा, जपून.
चार कांड्या. साटमांच्या खिडकीशी तीन.
परबांच्या दारात दोन, कधी तीन.
त्यांच्या चपलांच्या रॅकवर, मीटरच्या पेटीखाली,
एक प्लग रिकामा होता.
परब म्हणाले, वीज किती खातो?
तुमच्या देव्हाऱ्यातल्या झिरोच्या बल्बाहून कमी.
मग परब काही बोलले नाहीत.
रॅक मात्र स्वतः पुसून दिला.

टाचणीने ते बारीक भोक दाबलं, दहा मोजले.
विसरला सगळं. इतकं सोपं.
मग एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पुढचे आकडे
चष्मा वर करून, खालच्या चिकटपट्टीवरून वाचून.
पत्ते वाटायचं काम याच्याकडून काढून घ्यायचं,
एका मजल्याला दोन पोस्टमन नकोत.
नाव मूळ राऊटरचं तेच.
याचं स्वतःचं असं काही नाही,
ऐकायचं आणि पुढे सांगायचं,
ऐकताना बोलता येत नाही, बोलताना ऐकता,
म्हणून वेग निम्मा.

पासवर्ड?
बाबा, तो तुम्हालाच पाठ आहे.
आठ आकडे. पंचवीस, अठ्ठ्याहत्तर...
बाकीचे चार इथे लिहीत नाही,
पासवर्ड आहे शेवटी.

आमचा काळा फोन.
तेव्हा सातच आकडे, पुढचा दोन खात्याने मागाहून लावला.
घागांच्या रेणुकेच्या बारशाच्या पत्रिकेवर तो,
परबांच्या नोकरीच्या अर्जावर तो,
शेवटी बारीक अक्षरात: पी. पी.
रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून
प्रितेश गॅलरीभर धावायचा, एका पायात चप्पल,
घागकाकूऽ, फोऽन!
परबांच्या दारात दम लागायचा,
तिथे थांबून पुन्हा ओरडायचा.
तिथेच. रॅक आहे तिथे.

हे मी त्याला सांगितलं नाही.
नुसतं म्हटलं, हां, टाकला.
दिवा लुकलुकला, पुन्हा लाल झाला,
परबांची सून दूध घेऊन आत गेली,
मग हिरवा. मग हिरवाच.

घागवहिनी आता उठत नाहीत.
मोबाइल उशीला टेकवून दिला.
रेणुका दिसली, तिकडे कुठेतरी सकाळ होती,
ओठ हलले, आवाज जरा मागून आला.
वहिनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडल्या,
बरी आहेस ना गं?
लवकर बोल,
लोकांचा फोन आहे.